अडथळ्यांची शर्यत आणि बर्फाची घळ : विली डेव्हनपोर्ट

माढ्याहून कुर्डुवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे साडेपाचला एकदा जाऊन उभे राहावे. अंधारातच पोरे धावताना दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात शिवून घेतलेले कॅनव्हास, तर कुणी अनवाणीच. ही सगळी पोलीस भरतीची तयारी. मुलांसाठी १६०० मीटर, मुलींसाठी ८०० मीटर, मग १०० मीटर आणि गोळाफेक. आमच्या वस्तीतली पोरे त्यात आहेत, मातंग वस्तीतली आहेत, धनगरांची आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत. धावण्याला पैसा लागत नाही म्हणून गरिबाचे पोर धावते, हे साधे गणित आहे.

त्यांच्यातलाच एक मुलगा मागे आमच्या कार्यालयात आला होता. काम जात पडताळणीच्या कागदाचे होते. कागद झाला, पण तो उठेना. दोन भरत्यांत मैदानी चाचणीचे गुण चांगले पडले होते, लेखी परीक्षेत घोडे अडले होते आणि आता वयाची अट तोंडावर आली होती. आठ वर्षे पहाटे उठून धावलो, ते सगळे मातीत गेले का, एवढाच त्याचा प्रश्न होता. आम्ही वकील. कायद्यातला प्रश्न असता तर कलम सांगून मोकळे झालो असतो. या प्रश्नाला कलम नव्हते. तेव्हा आम्ही त्याला एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची चळवळ आपल्याला परकी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली, तेव्हा ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून दोन्ही समाजांच्या दुःखाचे साम्य मांडले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊनच. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स, मुहम्मद अली, जेसी ओवेन्स ही नावे आपल्या कार्यकर्त्यांना पाठ असतात. मात्र विली डेव्हनपोर्ट हे नाव आम्ही आजवर एकाही सभेत ऐकलेले नाही. याला कारण आहे, आणि त्या कारणाकडे आम्ही पुढे येणार आहोत.

विली डेव्हनपोर्ट यांचा जन्म ८ जून १९४३ रोजी अलाबामा राज्यातील ट्रॉय या गावी झाला. अलाबामा म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतले कापसाचे राज्य. शाळा वेगळ्या, पाण्याचे नळ वेगळे, बसमधल्या जागा वेगळ्या, आणि हे सारे कायद्याने वेगळे. ट्रॉयपासून सुमारे ८० किलोमीटरवर माँटगोमेरी शहर आहे. तिथेच डिसेंबर १९५५ मध्ये रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि वर्षभराचा बहिष्कार पेटला. दक्षिणेतल्या या जाचाला कंटाळून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेच्या कारखानदार शहरांकडे निघून गेली. आपल्याकडे गावकीची कामे आणि गावाचा अपमान टाकून लोक मुंबईच्या गिरण्यांत आणि सोलापूरच्या मिलमध्ये आले, त्यातलाच हा प्रकार. डेव्हनपोर्ट यांचे बालपण असेच ओहायो राज्यातील वॉरन या पोलादाच्या गावी गेले. जेसी ओवेन्स यांचाही प्रवास अलाबामातून ओहायोतच झाला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. माणूस जागा बदलतो तेव्हाच त्याच्या अंगातले गुण बाहेर पडतात. खेडे सोडा, असे बाबासाहेब का सांगत होते, ते अशा चरित्रांतून कळते.

शाळा संपल्यावर डेव्हनपोर्ट सैन्यात गेले. ते छत्रीधारी सैनिक होते, म्हणजे विमानातून उडी मारणारे. अमेरिकन सैन्यातले काळे-गोरे वेगळेपण संपवण्याचा आदेश राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी २६ जुलै १९४८ रोजी काढला होता. त्यामुळे डेव्हनपोर्ट यांच्या पिढीला सैन्यात काही प्रमाणात बरोबरीची जागा मिळाली. सैन्याचे महत्त्व आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात शिक्षण आले ते पलटणीमुळे. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा समाजाचा एक मोठा दरवाजा बंद झाला, आणि तो पुन्हा पुरता उघडायला १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहावी लागली. नोकरी, शिस्त, पोटभर अन्न आणि धावायला मैदान, या चार गोष्टी एकत्र मिळाल्या की गरिबाचे पोर काय करू शकते, हे डेव्हनपोर्ट यांनी १९६४ साली दाखवले.

त्यांचा प्रकार होता ११० मीटर अडथळ्यांची शर्यत. या शर्यतीत दहा अडथळे असतात. प्रत्येकाची उंची १०६.७ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साडेतीन फूट. पहिला अडथळा १३.७२ मीटरवर, पुढचे दर ९.१४ मीटरवर. दोन अडथळ्यांच्या मध्ये तीनच पावले टाकायची. पाऊल चुकले की अडथळा पायाला लागतो, आणि अडथळा लागला की सगळी लय मोडते. ही शर्यत उडी मारण्याची नाही, अडथळा असतानाही वेग न सोडण्याची आहे. १९६४ साली अमेरिकेच्या ऑलिम्पिक निवड चाचणीत २१ वर्षांचा हा फारसा कुणाला माहीत नसलेला सैनिक पहिला आला. पण टोकियोला मांडीचा स्नायू दुखावला आणि उपांत्य फेरीतच त्यांना बाहेर पडावे लागले. पहिले ऑलिम्पिक असे हाती काही न लागता संपले.

त्यानंतर त्यांनी लुइझियाना राज्यातील बॅटन रूज येथील सदर्न विद्यापीठात प्रवेश घेतला. हे विद्यापीठ १८८० साली कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेले. गोऱ्यांच्या विद्यापीठांची दारे बंद होती तेव्हा या समाजाने आपली विद्यापीठे उभी केली. औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय आणि मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय आठवा, म्हणजे सदर्नचे मोल कळेल. तिथे डेव्हनपोर्ट यांचा खेळ बहरला. १९६५, १९६६ आणि १९६७ अशी सलग तीन वर्षे ते राष्ट्रीय विजेते होते. याच विद्यापीठातून पुढे रॉड मिलबर्न हा दुसरा धावपटू निघाला आणि त्यानेही १९७२ साली म्युनिकला याच शर्यतीत सुवर्णपदक घेतले. एका बंद केलेल्या समाजाच्या एका विद्यापीठातून एकाच शर्यतीचे दोन ऑलिम्पिक विजेते! संस्था उभ्या करण्याचे महत्त्व यापेक्षा वेगळे काय सांगावे?

मग आले १९६८ साल. एप्रिलच्या ४ तारखेला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला होता. शहरे पेटली होती. त्याआधीच १९६७ मध्ये हॅरी एडवर्ड्स या तरुण प्राध्यापकाच्या पुढाकाराने कृष्णवर्णीय खेळाडूंनी ऑलिम्पिकवर बहिष्कार टाकावा अशी मोहीम उभी राहिली होती. पूर्ण बहिष्कार झाला नाही, पण १६ ऑक्टोबरला मेक्सिको सिटीत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी पदक स्वीकारताना काळे हातमोजे घातलेल्या मुठी आकाशाकडे उंचावल्या. ते चित्र जगभर गेले. दोघांना संघातून काढून टाकण्यात आले. स्मिथ आणि कार्लोस यांना आमचा जयभीम आहे, तो कायमचा आहे.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ ऑक्टोबरला, अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी होती. डेव्हनपोर्ट पहिल्या पावलापासून पुढे राहिले आणि १३.३ सेकंदांत शर्यत जिंकून सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. दुसरा आला अमेरिकेचाच अर्व्हिन हॉल, तिसरा इटलीचा एडी ओटोझ. पुढच्याच वर्षी झुरिक येथे १३.२ सेकंदांत धावून त्यांनी जागतिक विक्रमाची बरोबरी केली.

आता ते कारण सांगतो. मेक्सिकोच्या निषेधाच्या इतिहासात डेव्हनपोर्ट यांचे नाव येत नाही. ते गणवेशातले माणूस होते आणि पुढेही राहिले. चळवळीची पुस्तके निषेध करणाऱ्यांची नावे लिहितात आणि ते बरोबरच आहे. पण जो माणूस निषेधाच्या चित्रात नाही, त्याचे चळवळीशी काहीच नाते नाही असे मानायचे काय? आम्ही तरुणपणी असेच मानत होतो. जो मोर्चात नाही तो आपला नाही, असा आमचा खाक्या होता. चाळिशी ओलांडल्यावर आणि कोर्टाची पायरी रोज चढल्यावर आमचे मत काहीसे बदलले आहे. ते का बदलले, हे डेव्हनपोर्ट यांच्या आयुष्याच्या उत्तरार्धातून समजेल.

१९७२ साली म्युनिकला ते चौथे आले. पदक थोडक्यात हुकले. खेळाडूचे आयुष्य तिथे संपते असा रिवाज आहे. १९७५ मध्ये तर गुडघ्याची शिर तुटली. अडथळ्यांच्या शर्यतीत गुडघा म्हणजे सर्वस्व. वय ३२. घरी बसायला हरकत नव्हती. पण १९७६ साली माँट्रियलला हा माणूस पुन्हा रेषेवर उभा राहिला आणि फ्रान्सचा गी द्रू, क्यूबाचा अलेहान्द्रो कासान्यास यांच्या पाठोपाठ १३.३८ सेकंदांत तिसरा आला. कांस्यपदक. वय ३३. सुवर्ण आणि या कांस्यामध्ये आठ वर्षे आणि एक फाटलेला गुडघा होता. आमच्या मते हे कांस्य त्या सुवर्णापेक्षा जड आहे.

आणि यानंतर ते घडले, ज्यासाठी आम्ही ही गोष्ट सांगायला घेतली. १९८० साली, ३६ व्या वर्षी, विली डेव्हनपोर्ट हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरले. खेळ होता बॉबस्ले.

सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात वाढलेल्या वाचकाला हा खेळ समजावून सांगितला पाहिजे. डोंगराच्या उतारावर वळणावळणाची घळ बांधतात आणि तिच्यात बर्फ गोठवतात. लोखंडी पट्ट्यांवर घसरणारी एक गाडी असते, तिला चाके नसतात, इंजिन नसते. चार माणसे ती गाडी ढकलत सुमारे ५० मीटर जिवाच्या आकांताने धावतात आणि धावता धावता एकामागून एक आत उडी मारून बसतात. पुढचा माणूस सुकाणू धरतो, मागचा शर्यत संपल्यावर ब्रेक ओढतो. गाडी ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगाने खाली जाते. सेकंदाच्या शंभराव्या भागावर निकाल लागतो. इंजिन नसल्यामुळे सुरुवातीला माणसांच्या पायांनी दिलेला धक्का हीच गाडीची पहिली पुंजी. तिथे गमावलेला क्षण खाली येईपर्यंत वाढतच जातो. म्हणून या खेळाला दणकट आणि वेगवान धावपटू लागतात. पूर्व जर्मनीने हे आधी ओळखले. त्यांचा नामवंत चालक माइनहार्ड नेमर हा मुळात भालाफेकपटू होता. १९८० साली चार जणांच्या शर्यतीत त्याच्याच गाडीने सुवर्ण घेतले.

पण हा खेळ होता कुणाचा? येथेच खरी गोम आहे. धावायला पैसा लागत नाही असे आम्ही सुरुवातीला म्हटले. बॉबस्लेला मात्र पैसाच पैसा लागतो. महागडी गाडी लागते, डोंगर लागतो, बर्फाची घळ लागते, आणि ती घळ जिथे असते तिथे राहण्याची ऐपत लागते. त्यामुळे हा खेळ वर्षानुवर्षे धनिकांच्या क्लबांचा राहिला. १९३२ साली अमेरिकेच्या विजयी गाडीचा चालक बिली फिस्क हा बँकमालकाचा मुलगा होता. त्याच गाडीत बसलेल्या एडी ईगन यांनी १९२० साली मुष्टियुद्धाचे सुवर्ण जिंकले होते. म्हणजे एका खेळातला माणूस दुसऱ्या खेळात जाऊ शकतो, हे तेव्हाच सिद्ध झाले होते. पण अमेरिकेत धावपटूंची खाण ज्या समाजात होती, त्या समाजातला एकही माणूस १९८० पर्यंत अमेरिकेच्या हिवाळी ऑलिम्पिक संघात नव्हता. ४८ वर्षे हे कुणाला सुचले नाही, की सुचूनही कुणी केले नाही, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आता त्या जागेचा इतिहास पाहू. १९३२ चे हिवाळी ऑलिम्पिक लेक प्लॅसिड येथे झाले आणि १९८० चेही तिथेच. लेक प्लॅसिड हे न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडचे डोंगरातले गाव. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तिथून हे गाव सुमारे साडेचारशे किलोमीटरवर आहे. या गावाचा कारभार लेक प्लॅसिड क्लब या संस्थेभोवती फिरत असे. तो क्लब १८९५ साली मेलव्हिल ड्यूई यांनी स्थापन केला. ग्रंथालयात पुस्तकांना दशांश पद्धतीने क्रमांक देणारे तेच हे ड्यूई. आपल्या गावोगावच्या वाचनालयांत आजही त्यांच्या नावाची पद्धत चालते. पुस्तकांची इतकी सुंदर वर्गवारी करणाऱ्या या विद्वानाने माणसांचीही वर्गवारी केली होती. त्यांच्या क्लबात ज्यूंना आणि कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. कृष्णवर्णीय आत जाऊ शकत होते ते नोकर म्हणून. विद्वत्ता आणि माणुसकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला मनुस्मृतीच्या टीकाकारांनी फार पूर्वी शिकवले आहे. ड्यूई हे त्याचे अमेरिकन उदाहरण होय.

ज्यू समाजातील लुई मार्शल या वकिलाने व इतरांनी १९०५ च्या सुमारास सरकारकडे तक्रार केली. सरकारी ग्रंथालयाचा प्रमुख असा भेद कसा करू शकतो, हा त्यांचा मुद्दा होता. ड्यूई यांना समज मिळाली आणि १९०५ साली त्यांना राज्य ग्रंथपालाचे पद सोडावे लागले. पण क्लबचा नियम तसाच राहिला. १९३२ चे ऑलिम्पिक लेक प्लॅसिडला आणले ते ड्यूई यांचे चिरंजीव गॉडफ्रे ड्यूई यांनी. बॉबस्लेची घळ आधी सरकारी राखीव जंगलात खोदायची होती. तिला न्यायालयात आव्हान दिले गेले, आणि राज्यघटनेने राखून ठेवलेल्या जंगलातली झाडे खेळासाठीही तोडता येणार नाहीत, असा निकाल राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३० साली दिला. मग घळ माउंट व्हॅन होव्हनबर्ग या डोंगरावर बांधली गेली. ती जागा क्लबशी संबंधित होती. त्यामुळे ज्यू संघटनांनी पुन्हा आवाज उठवला. ज्या क्लबच्या दारात आम्हाला उभे केले जात नाही, त्याच्या जागेवर जनतेचा पैसा कसा खर्च करता, असा तो सवाल होता.

हा सवाल आम्हाला ओळखीचा वाटतो. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला, तो याच तत्त्वावर होता. सार्वजनिक पैशातून बांधलेली व चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली असली पाहिजेत, असे त्यात म्हटले होते. त्या ठरावाच्या पायावर २० मार्च १९२७ चा महाडचा संग्राम उभा राहिला. आणि पुढे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये तेच तत्त्व कायमचे कोरले गेले. राज्याच्या निधीतून पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा यांबाबत कोणत्याही नागरिकाला जातीमुळे, वंशामुळे अडवता येणार नाही. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हॉटेले, खानावळी, क्रीडागारे सर्वांना खुली केली, पण खऱ्याखुऱ्या खासगी क्लबांना त्यातून सूट ठेवली. आपले संविधान ज्या दिवशी लागू झाले त्या दिवशी, म्हणजे अमेरिकेच्या त्या कायद्याच्या १४ वर्षे आधी, हा मूलभूत हक्क आपल्याला मिळाला होता. कागदावर आपण पुढे होतो. मैदानावर होतो काय, हा प्रश्न वेगळा.

तर अशा त्या डोंगरावर, अशा त्या घळीत, फेब्रुवारी १९८० मध्ये अमेरिकेची चार जणांची एक गाडी उभी राहिली. सुकाणूवर बॉब हिकी. त्यांच्याबरोबर जेफ जॉर्डन, जेफ गॅडली आणि विली डेव्हनपोर्ट. गॅडली हेही कृष्णवर्णीय, मुळात दशक्रीडापटू. अमेरिकेकडून हिवाळी ऑलिम्पिकमध्ये उतरलेले हे पहिले दोन कृष्णवर्णीय खेळाडू. गाडी बारावी आली. पदक नाही, विक्रम नाही. वृत्तपत्रांचे मथळे त्या वर्षी अमेरिकेच्या आइस हॉकी संघाने सोव्हिएत संघाला हरवल्याच्या बातमीने भरलेले होते. बाराव्या गाडीची दखल कोण घेणार?

पण आम्ही घेतो. ज्या गावच्या क्लबात डेव्हनपोर्ट यांच्या आजोबांना पाहुणा म्हणून पाऊल टाकता आले नसते, त्या गावच्या बर्फावर त्यांनी देशाच्या गणवेशात पाऊल टाकले, आणि तेही ज्या पायांना बर्फाची सवय नव्हती अशा पायांनी. चार उन्हाळी आणि एक हिवाळी, अशी पाच ऑलिम्पिक झाली. महाडच्या तळ्यावर पहिल्या ओंजळीने कुणाची तहान भागली, हे आपण विचारत नाही. ओंजळ भरली गेली, हे आपण सांगतो. बाराव्या क्रमांकाकडे आम्ही त्याच नजरेने पाहतो.

पुढे डेव्हनपोर्ट यांनी नॅशनल गार्ड या अमेरिकेच्या राखीव सैन्यदलात कर्नल या हुद्द्यापर्यंत मजल मारली. सैन्यातल्या खेळाडूंना घडवण्याचे काम त्यांनी केले. १९८२ साली अमेरिकेच्या मैदानी खेळांच्या राष्ट्रीय सन्मानदालनात त्यांचा समावेश झाला. १७ जून २००२ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ५९.

मात्र त्यांच्या मृत्यूच्या चार महिने आधी एक गोष्ट घडून गेली होती. १९ फेब्रुवारी २००२ रोजी सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये महिलांच्या बॉबस्लेत व्होनेटा फ्लॉवर्स यांनी जिल बॅकन यांच्यासह सुवर्णपदक जिंकले. हिवाळी ऑलिम्पिकच्या इतिहासात सुवर्ण जिंकणारी ती जगातली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. व्होनेटा अलाबामाचीच, बर्मिंगहॅमची. तीही धावपटू आणि लांब उडीची खेळाडू. २००० सालच्या उन्हाळी ऑलिम्पिकच्या निवड चाचणीत ती बाहेर पडली होती. तिथेच बॉबस्लेच्या चाचणीची जाहिरात पाहून तिने नशीब आजमावले, आणि दोन वर्षांत इतिहास घडवला. बावीस वर्षांपूर्वी त्याच राज्यात जन्मलेला एक माणूस त्या घळीतून बारावा आला होता, म्हणून या मुलीला तिथे जाणे कुणाला वेडेपणाचे वाटले नाही.

आपल्याकडेही असा एक मोठा खेळाडू होऊन गेला. पालवणकर बाळू. चर्मकार समाजातला हा गोलंदाज १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊन आला, पण मैदानावर ज्यांच्याबरोबर खेळायचे त्यांच्यापासून दूर, वेगळ्या भांड्यात त्याला चहा दिला जात असे. कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले आणि ते पराभूत झाले. त्या राजकारणाशी आमचे भांडण आहे आणि राहील. पण बाळूंच्या डाव्या हाताने जे दार ढकलले, त्यातूनच विठ्ठल आत गेला, हेही खरेच आहे. चळवळीने आपल्या लोकांचा हिशेब ठेवताना दोन्ही रकाने भरले पाहिजेत. मूठ उंचावणाऱ्याचा एक आणि दार ढकलणाऱ्याचा एक.

बाबासाहेबांना हे पूर्ण ठाऊक होते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये वसतिगृह काढले ते आपल्या सोलापुरात. त्याच सभेने मुंबईत तरुणांसाठी महार हॉकी क्लबही चालवला. शाळा, वसतिगृह, वाचनालय आणि हॉकी, असा तो कार्यक्रम होता. आज आपल्या जयंतीच्या वर्गणीत डीजेला किती जातात आणि धावणाऱ्या पोरांच्या बुटांना किती जातात, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा मांडावा. तालुक्याचे क्रीडासंकुल जनतेच्या पैशातून होते. तिथे आपल्या वस्तीतली किती पोरे, किती पोरी पाय ठेवतात, हेही पाहावे. कलम १५(२) वापरले नाही तर ते पुस्तकातच राहते.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले. त्याने विचारले, माढ्यात बर्फ कुठे आहे? प्रश्न रास्त होता. आम्ही त्याला सांगितले की बर्फ ट्रॉयमध्येही नव्हता. एका कामासाठी कमावलेले पाय दुसऱ्या कामाला लागतात, पण ते दुसरे काम आपल्या वस्तीच्या बाहेर असते आणि त्याची जाहिरात आपल्या भिंतीवर लागत नाही. ती शोधावी लागते. मग आम्ही दोघांनी बसून यादी केली. निमलष्करी दलांच्या भरतीची वयोमर्यादा, अग्निशमन दलाची पदे, शारीरिक शिक्षणाच्या पदवीचा प्रवेश, समाजकल्याण खात्याची शिष्यवृत्ती. एका कागदावर मावेल एवढीच यादी होती. ती त्याने घडी घालून खिशात ठेवली.

अशी यादी प्रत्येक तालुक्यात कुणीतरी करून भिंतीवर लावली पाहिजे. वकिलांनी, शिक्षकांनी, नोकरदारांनी हे काम अंगावर घ्यावे. आम्ही आमच्या कार्यालयाच्या बाहेर ती लावली आहे. पहाटे धावून परत जाणारी पोरे आता तिथे थांबून वाचतात.